आठ घरांतला बाबू तांडेल

पुणे,
१३ जून २०१०

प्रिय मामा,

नमस्कार शेवटी करते, आधी बातमी. कॉम्प्युटर मिळाले. एक-दोन नाही, आठ. आमच्या कंपनीने जुने काढले, मी साहेबांच्या मागे तगादा लावला आणि खाजणवणे गावच्या वाचनालयाच्या नावाने चिठ्ठी करून घेतली. पुढच्या सोमवारी टेम्पोने निघतील.

आता मेख ऐका. आठांच्याही हार्ड डिस्क काढून घेतल्यात. कंपनीचं गुपित बाहेर जाऊ नये म्हणून नियमच आहे तसा. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरची वही. ती नाही, म्हणजे लिहून ठेवायला जागा नाही, आणि नव्या घ्यायला वाचनालयाकडे पैसे नाहीत. उरली ती नुसती रॅम, म्हणजे तोंडपाठ. मशीन जागं आहे तोवर सगळं लख्ख आठवतं, बंद केलं की कोरं. आमचे लोक म्हणाले, असली खोकी घेऊन मामा काय करणार, सुकत घातलेल्या माशांवर दगड म्हणून ठेवणार?

मामा, मी दोन रात्री झोपले नाही, पण उत्तर सापडलं. मोठ्या कंपन्यांत डिस्ट्रिब्युटेड कॅशे नावाचा प्रकार असतो. रोज लागणारा माल दुकानदार हाताशी ठेवतो ना, तसं खूप मशीनांच्या तोंडपाठीत सारखी लागणारी माहिती वाटून ठेवतात. मी म्हणते, त्याचंच कपाट का करू नये? आपल्या गावचे म्हातारे तांडेल बाबूआजोबा समुद्राबद्दल जे सांगतील त्याचं रेकॉर्डिंग घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा दोन मशीनांना पाठ करायला द्यायचा. वर मी एक पडदा लिहिते. उघडून बघणाऱ्याला वाटेल, एकच कपाट आहे, फायली ओळीने लावल्यात. खरं तर ते कपाट कुठेच नाही. एक मशीन मेलं तरी त्याचे तुकडे दुसऱ्याला पाठ असतात, काही बिघडत नाही.

मात्र आठही एका खोलीत ठेवू नका. लाईट गेली की सगळी एकदम जातील. चार वरच्या वाडीत, चार खालच्या वाडीत, दोन वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर, ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे अशाच घरांत. प्रत्येक तुकड्याची एक प्रत वर, एक खाली. आणि मला एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या: आठही घरं एकाच वेळी बंद होतील असा दिवस येऊ शकतो का?

तुमची,
योगिनी

*

खाजणवणे,
४ जुलै २०१०

चि. योगिनी,

तुझ्याच चालीने जातो, आशीर्वाद मागाहून घे. खोकी पोचली. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तुझ्या मामीला एकदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्या चेडवाक लग्नाचां कोण विचारता की नाय?" ते असो.

मी अठ्ठावीस वर्षं बोटीवर रेडिओ ऑफिसर होतो, पण तुझं ते कपाट मला रेडिओमुळे नाही, रापणीमुळे कळलं. रापणीचं जाळं कोणा एकाचं नसतं. घरटी एक तुकडा. एरवी तो ज्याच्या त्याच्या घरी वाशाला टांगलेला. किनाऱ्यावर आणून जोडले की एक जाळं होतं आणि अख्खं गाव ते ओढतं. आता रापण कोणाच्या घरात आहे म्हणून विचारलंस तर काय सांगू? हे मी बाबू तांडेलाला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मगे ह्यात नवीन काय?" तेव्हा फार फुशारकी नको.

बाबू मात्र रंगात आलाय. समुद्रात मासेमारी बंद, पावसाने कौलं वाजतायत, माणूस घरात अडकलेला. वय ब्याऐंशी, पण पाण्याखालचं एकेक खडप त्याला ठाऊक. कुठला डोंगर कुठल्या देवळाच्या कळसावर आला की खाली दगड आहे, जाळं टाकू नये, हे सांगतो. हे कुठल्याही नकाशात नाही, मी बोटीवरचे नकाशे बघितलेत. आपल्या पोरांची दर वर्षी जाळी फाटतात, दोन होड्या फुटल्या, तरी हा आजवर कोणाला सांगत नव्हता. आता म्हणतो, "एकदाच सांगतलंय. परत इचारू नको." माझ्याकडे कॅसेट एकच आहे, तीच भरतो. तू येऊन कपाट उभं केलंस की उतरवून घेऊ आणि तीच पुसून पुन्हा वापरू.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आमची घरं मुंबईच्या ब्लॉकसारखी कुलपात नसतात. एक तरी म्हातारं माणूस ओटीवर असतंच. आठही घरं एकदम बंद, हे ह्या जन्मी व्हायचं नाही. माझ्या नावाने लिहून ठेव.

तुझा,
रविकांतमामा

*

पुणे,
२० सप्टेंबर २०१०

प्रिय मामा,

चतुर्थीहून आले ती अजून जमिनीवर नाही. डोळे मिटले की सत्यवान केबलवाला दिसतो, लुंगी खोचून माडावरून माडावर वायर नेताना. आठ घरं, एक वायर, आणि शेवटच्या घरी जोडल्यावर पडद्यावर एकेक नाव उमटत गेलं. आठवं उमटलं तेव्हा मी आजोबांच्या बायकोला, अख्ख्या गावाच्या सावित्रीकाकींना, मिठी मारली. त्या म्हणाल्या, "गो, पिठाचे हात आसत माझे."

आणि तुम्ही न विचारता गुरुदास मास्तरांच्या घरची वायरच उपटलीत. मी पडद्याकडे धावले. बाबूआजोबांचं रेकॉर्डिंग चालू होतं, ते चालूच राहिलं, एक अक्षर अडखळलं नाही. आजोबा आपलाच आवाज ऐकत बसले होते, त्यांना पत्ताही नाही. मामा, नोकरीत चार वर्षं झाली, पण आपण काही केलं असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आमच्या साहेबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, कॅशे असते विसरण्यासाठी, जपून ठेवण्यासाठी नव्हे. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, म्हणून दोन गोष्टी पाळा. एक, कोणत्याही घराने मशीन बंद करायचं नाही. पडदा बंद करा, खोकं नको. लोकांना कसं समजवायचं ते तुम्ही बघा. दोन, दर रविवारी सगळ्याची एक सीडी काढा. मी आणलेला सीडी रायटर तुमच्याच मशीनला आहे. कपाट कितीही शहाणं असलं तरी तोंडपाठावर पूर्ण विसंबू नये.

काढाल ना?

योगिनी

*

खाजणवणे,
८ नोव्हेंबर २०१०

चि. योगिनी,

दिवाळीचा फराळ वेगळा पाठवलाय, करंज्या मामीच्या, मोडतोड पोस्टाची.

आता मोठी बातमी. बाबूचा मुलगा धनेश परवा एकोणिसावं रेकॉर्डिंग ऐकून समुद्रात गेला. बापाने सांगितलेली खूण धरली, खडपाच्या कडेने जाळं सोडलं. पाच वर्षं त्या बाजूला कोणी जात नव्हतं. जाळं अखंड आलं आणि सुरमईने भरून आलं. धनेश एरवी दिवसाला चार शब्द बोलतो, त्या दिवशी माझ्या ओटीवर येऊन तासभर बोलला. आज आठही घरांत जो तो रेकॉर्डिंग ऐकायला येतो. एक्केचाळीस झाली. दोन खडपं राहिली, बाबूला जरा खोकला आहे, खोकला थांबला की तीही घेऊ.

मशीन बंद करू नये म्हणून लोकांना काय सांगितलं विचारतेस? रॅम वगैरे सांगून काय उपयोग. मी घरोघर सांगितलं, "ह्यां जितां आसा. लाईट खाता, आठवण ठेवता. निजलां की मेलां." झालं, कोणाची बटणाला हात लावायची टाप नाही. गणपत मानकऱ्याच्या घरी तर सकाळी त्याला उदबत्ती दाखवतात.

सावित्रीने मात्र मला पेचात धरलं. म्हणाली, "भावजी, ह्यांचो आवाज नक्की खंय आसा? माझ्या घरातल्या डब्यात काय तुमच्या?" मी म्हटलं, "थोडो थोडो आठय घरांत. जोडलो की पुरो." ती म्हणाली, "रापणीसारखो." बघ, बाबूला मला सांगावं लागलं, हिला आपलं आपणच कळलं.

सीडी काढतो. काळजी नसावी.

रविकांतमामा

*

पुणे,
२४ नोव्हेंबर २०१०

प्रिय मामा,

परवा फोनवर तुम्ही "बाबू गेला" एवढंच म्हणालात. ऑफिसात जिन्यावर बसून रडले. मी त्यांना जेमतेम आठ दिवस भेटले, पण त्यांनी मला जाताना वाळवलेले बांगडे बांधून दिले होते, ते अजून डब्यात आहेत.

धीर इतकाच की एक्केचाळीस रेकॉर्डिंगं आहेत. धनेशदादांसाठी, त्यांच्या मुलांसाठी. आणि काकींसाठी, त्यांना खडपांशी काय करायचंय, त्यांना आवाज हवा. आता तो आवाज दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून सांगते, सीडीच्या दोन प्रती काढा आणि एक मला रजिस्टर पोस्टाने पाठवा. लगेच.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. पणजीची तारीख मिळालीये तर जाऊन या.

योगिनी

*

पणजी,
१४ डिसेंबर २०१०

चि. योगिनी,

एका डोळ्यावर पट्टी आहे, अक्षर वेडंवाकडं येईल. फोनवर सांगायची छाती होत नाही म्हणून लिहितो. आधी कबुली देतो, मग बातमी.

सीडी नाहीत. एकही नाही. तू गेल्यावर महिन्याभरात त्या रायटरला खारी हवा लागली. पहिल्या तीन सीडी काढल्या होत्या त्यांच्यावर बुरशीचे डाग पडले, आता वाचतच नाहीत. मी बोटीवरचा रेडिओ उघडून जोडणारा माणूस, मला वाटलं हाही दुरुस्त करीन, तुला कशाला कळवायचं. दर आठवड्याला उद्या करू म्हणत राहिलो. तू विचारलंस तेव्हा खोटं लिहिलं.

आता बातमी. आज सकाळी धनेशचा फोन आला, "देवाचो कौल झालो, गावपळण आसा, आमी भायर पडतव." मेन स्विच बंद केले काय, हे विचारीपर्यंत फोन तुटला. मग कोणाचाच लागला नाही, वेशीबाहेर त्या खोलगटात रेंज नाही.

तुला सांगायला नको, पण स्वतःलाच सांगून घेतो. कौल झाला की तीन दिवस गावात जीव म्हणून राहत नाही. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा बाहेर. आणि घर सोडताना पहिलं काम काय, तर मेन स्विच खाली. दर चार वर्षांनी होतं हे. मी आयुष्यभर बोटीवर, माझ्या वाट्याला दोनच आल्या, त्याही पोरवयात. तू विचारलं होतंस, आठही घरं एकदम बंद होतील का. मी लिहिलं, ह्या जन्मी नाही. अख्ख्या मुलखात मोजकी गावं असतील जिथे असं होतं, आणि त्यातल्या एकात बसून मी हे लिहिलं.

डॉक्टर हलू देत नाही. बाबूने एकदाच सांगितलं आणि ते मी घालवलं. सावित्रीला काय तोंड दाखवू ते सांग.

मामा

*

पुणे,
१७ डिसेंबर २०१०

मामा,

पत्र आज मिळालं. तुम्हाला फोन लावला आणि मामींनी उचलला म्हणून ठेवला, मला रागावून बोलायचं नव्हतं. पण राग आलाय. रायटर बिघडला हे एका ओळीत लिहिलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी पाठवला असता. खोटं कशाला?

हे लिहिलं, आता माझं ऐका. मी सात वर्षांची असताना आईबरोबर गावपळणीला आले होते. आमराईत झावळांची खोपी होती, मी मांजर टोपलीत घालून नेलं होतं, सगळं आठवतंय. तरीही कपाट रचताना मला ट्रान्सफॉर्मर आठवले, इन्व्हर्टर आठवले, गावपळण आठवली नाही. माझ्या गावासाठी मी पुण्याचा हिशेब मांडला. एकेक मशीन जाईल याची तयारी केली होती, सगळी मिळून उठून जातील याची नाही. तेव्हा अर्धी चूक माझी.

तुम्ही विचारण्याआधीच खरं सांगते. रॅममधून गेलेलं परत येत नाही. कोणी काढून देऊ शकत नाही. मी आज दिवसभर आमच्या सगळ्यांना विचारलं.

काकींना मीच सांगेन. तुम्ही एकटे जाऊ नका. मी येत्या रविवारी निघते.

योगिनी

*

खाजणवणे,
१८ डिसेंबर २०१०

योगिनी,

रविवारी निघते म्हणालीस खरी, पण पत्र पोचल्याशिवाय निघू नकोस, कारण घाई उरली नाही. आज सकाळी फोनवर मी नुसता "आसा, आसा" ओरडलो आणि तुला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. आता नीट लिहितो.

डॉक्टरला न जुमानता मी काल सकाळी निघालो. लोक त्याच दिवशी परतणार होते. वेशीवर पोचलो तो मिरवणूक समोरून येत होती. पुढे गुरं, मागे बायका, आणि मध्ये बैलगाडी. गाडीत घोंगडीवर आपलं खोकं, बाजूला इन्व्हर्टर, आणि खोक्यावर हिरवा दिवा लुकलुकतोय. मागे आणखी एक गाडी, मग सत्यवानाचा टेम्पो; धनेशकडच्या किल्लीने माझ्या घरचंही काढलं होतं. मी मोजली. आठ.

झालं ते असं. निघायच्या दिवशी सावित्री देवळात गणपत मानकऱ्यापुढे उभी राहिली आणि विचारलं, हा डबा जीव की वस्तू? वस्तू असेल तर राहील, जीव असेल तर गावात ठेवता येणार नाही. गणपतने विचारलं, "खाता काय?" लोक म्हणाले, लाईट खाता. "आठवण ठेवता काय?" ठेवता. "निजलो तर?" रविकांत म्हणता मरता. गणपत म्हणाला, "मगे भायर काढा." माझंच शहाणपण बघ कसं फिरून आलं.

तीन दिवस खोकी आंब्याखाली ओळीने बसली होती. भजनाच्या माइकसाठी आणलेल्या जनरेटरवर सत्यवान एकेक बॅटरी भरत राहिला. गणपतच्या खोक्यावर ऊब बघून कोंबडी बसली आणि तिने अंडंही घातलं. फक्त गुरुदास मास्तरांनी, यंत्राला कसला आलाय जीव म्हणत, आपलं खोकं नेलं पण बंद करून नेलं.

घरी आणून पुन्हा वायर जोडली. सात नावं उमटली. कपाट उघडलं. एक्केचाळीस फायली. सगळ्या वाजवून बघितल्या, रात्र गेली, सगळ्या पुऱ्या आहेत. मास्तरांकडचे तुकडे खालच्या वाडीला पाठ होते. तुझं कपाट चांगलं आहे गो. मी त्याच्या लायकीचा नव्हतो.

सावित्रीला विचारलं, तुझ्या घरचं एक नेलं असतंस, आठही घरांना कशाला कामाला लावलंस? ती म्हणाली, "भावजी, तुमीच सांगल्यात, थोडो थोडो सगळ्यांकडे आसा. मगे माझ्याच घरातलो न्हेलो असतो तर अर्धो-पाव माणूस भायर आनि बाकीचो हंय. गावपळणीक कोणाक मागे ठेवतत काय?"

मी तिच्यासमोर रडलो. सीडीचंही सांगितलं. तिने पाणी आणून दिलं आणि धनेशला कागद घ्यायला सांगितलं. सोबत तिची चिठ्ठी आहे.

मामा

*

योगिनीक सावित्रीकाकीचो आशीर्वाद. धनेश लिवता, मी सांगतंय.

भावजी म्हणतत, तू आता डिस्क घालतलंस, मगे डबे बंद केले तरी चलतला. घाल. सीडी की काय तीव काढ. भावजींक रागान बोला नको, त्यांचो डोळो दुखता.

पण एक ऐक. आठांतलो एकय डबो कोणाच्या घरातसून काढू नको. गावान उचललो म्हणान माझो माणूस भायर पडलो. डिस्क एका घरात ऱ्हवतली, ता घर बंद पडला तर?

ह्यांनी दोन खडपां सांगूची ऱ्हवली. ती माका ठावक आसत. चाळीस वर्सां ह्यांचो मासो इकलंय, जाळां खंय फाटलां ह्या आधी माकाच कळा. तू येशीत तेव्हा ती मी सांगतलंय. म्हणजे माझोय आवाज थोडो थोडो आठ घरांत जायत. पुढची गावपळण चार वर्सांनी. तवसर मी नसलंय, तरी माका कोण मागे ठेवचो नाय.

येताना ल्हानपणासारखा मांजर हाडू नको, हंय दोन आसत.

सावित्री